ओट्यावर कोण बसणार

धर्माचा फोन बहिणीच्या कचेरीत आला. फोनवर बोलायची त्याला सवय नव्हती. तो ओरडूनच बोलला आणि शांतीच्या आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकांनीही निरोप ऐकला.

"रविवारी ये. दत्तूमामा पण येतोय. आयच्या जागेचं काय ते ठरवून टाकू." मग जरा थांबून, "जावयाला आणू नको. घरातलं हाय."

जावई गिरगावातला, कारकुनाच्या घरातला, म्हणून तो बाहेरचा. हे शांतीला नवीन नव्हतं. तिला टोचलं ते "ठरवून टाकू". दादरच्या मासळी बाजारातला तो ओटा आईला, सोनूबाईला, तिच्या सासूकडून मिळाला होता. त्या ओट्याच्या जिवावर चार पोरं पोसली, त्यातली दोन जगली. माहीमच्या घरावर कौलांच्या जागी पत्रे आले तेही त्याच ओट्यामुळे. संपात धर्माची मिल बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून घरात चूल पेटते तीही त्याच्यावरच. आणि बाजाराचा कायदा कुठे लिहिलेला नसला तरी सगळ्यांना पाठ असतो. जागा रिकामी दिसली की शेजारणीची पाटी रोज वीतभर सरकते, कुणी काही बोलत नाही, आणि एक दिवस जागाच उरत नाही.

गेल्या पावसाळ्यापासून सोनूबाई मधूनच बसून राहायची. काही दिवस भाऊच्या धक्क्यावरून पाटी आणून दिवसभर उभी असायची, आणि काही दिवस तिला सुरा उचलवायचा नाही. दोनदा तिला इस्पितळात नेलं, दोनदा छातीला तारा लावून ठोक्यांचा कागद काढला. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, चांगला आहे, वयाने होतं, आराम करा. आता अर्धा कोळीवाडा म्हणत होता की सोनूबाई सुनेला राबवायला सोंग करते. उरलेला अर्धा म्हणत होता की सून जागेसाठी सासूला दमवते.

शांतीला दोन्ही पटत नव्हतं. ती लहानपणापासून प्रश्न विचारून मार खाणारी मुलगी होती. ठरवायच्या आधी हे आहे तरी काय ते बघावं, म्हणून शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर ती घरी न जाता दादरला उतरली.

शनिवारी मासे कोण खातं? बाजार सुस्त होता. बायका पाय लांब करून बसल्या होत्या. सोनूबाईच्या पुढ्यात थोडे बांगडे आणि एक हलवा. तिची मान एका बाजूला कललेली. शेजारच्या ओट्यावरच्या कमलाबाईने शांतीला आधी पाहिलं.

"आलीस? बरं केलंस. तुझी आय आता गिऱ्हाइकाला शिव्या देत नाय. तिच्या वाटच्या मलाच द्यायला लागतात."

"तू दोघींच्या देतेस म्हणून गिऱ्हाईक तिकडं जातं," सोनूबाई म्हणाली, पण आवाज अंगातून निघाल्यासारखा नव्हता.

शांती ओट्याच्या कडेला टेकली. काल शुक्रवार. काल तर इथे पाय ठेवायला जागा नसणार.

"काल दमलीस का गं?"

"काल नाय. काल घरी जाईपर्यंत मी चांगली व्हते."

"मग आज? आज तर काम नाही."

"तेच तर," कमलाबाई म्हणाली. "मरमर राबते तेव्हा ठीक, रिकामी बसते तेव्हा मरते. उलटीच हाय."

शांतीने ते मनात ठेवलं. मग तिने विचारलं, "आय, दमतेस म्हणजे नक्की काय होतं?"

"दमते म्हणजे दमते. तू कधी दमली नायस?"

"मी दमते तेव्हा माझे पाय दुखतात. झोप येते. तुझं तसं होतं?"

सोनूबाईने बांगड्यांवर पाणी शिंपडायचं थांबवलं. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती जरा विचारात पडली, एखाद्या माशाचं वजन हातात घेऊन बघावं तशी.

"पाय नाय दुखत. झोप पण नाय येत. ओहोटीला चिखलातून चालतो ना आपण, पाऊल काढलं तरी निघत नाय, तसं. पण मी तर बसलेय. बसून चिखलात चालतेय."

"आणि छातीत?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "हसशील. पाटीत जिवंत कोळंबी टाकल्यासारखं. वरून ओला फडका टाकला तरी खाली उडतच असते."

"हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, दुखतं का. दुखत नाय. मग काय सांगू?"

शांतीने तिचं मनगट हातात घेतलं. खवले चिकटलेलं, गार. बोटांखाली आधी काही लागलंच नाही. मग दोन-तीन ठोके घाईघाईत एकमेकांच्या अंगावर पडले, मग काहीच नाही, मग एकच, मोठा, उशिरा आलेला. पुढचा कधी येईल याचा तिला अंदाज करता येईना. खरं तर तिने घाबरायला हवं होतं. पण आधी आलं ते कुतूहलच; तिने श्वास रोखून धरला, जणू हलली तर ते उडून जाईल.

"ऊठ. इस्पितळात जायचं. आत्ता."

"हात तरी धुऊ दे. लुगडं असं मासळीचं..."

"तू लुगडं बदलशील तोवर ते जाईल. दोन्ही वेळा हेच झालंय, आय. तू घरी जातेस, आंघोळ करतेस, बसने परळला जातेस, तिथे रांगेत दोन तास बसतेस. तुझी पाळी येईपर्यंत ते थांबतं."

कमलाबाईने सोनूबाईच्या हातातून सुरा काढून घेतला. "जा. तुझा हलवा मी विकते. माझ्या भावानं विकणार, तुझ्या नाय."

टॅक्सीवाल्याने वासाने काच खाली केली आणि परळपर्यंत वर केली नाही. "आता विचारेल, सुरमई हाय का," सोनूबाई पुटपुटली. शांती बोटं मनगटावरून काढायला तयार नव्हती.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. मशीनमधून कागद सरकत आला तसा तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "सापडलं," आणि मग स्वतःच्याच उत्साहाला जरा लाजल्यासारखी झाली. तिने सोप्या शब्दांत सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. ठोक्याची लय मोडते. अंगाला हवं तेवढं रक्त हवं तेव्हा मिळत नाही. म्हणून थकवा. हे येतं आणि जातं.

सोनूबाईने कागद मागून घेतला. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या बारकाईने तिने ती रेघ बोटाने चाचपली. "ही माझी? मागच्या खेपेची अशी नव्हती."

"तेव्हा लय ठीक होती."

"मग निजल्यावर काय करतं ते?"

"कधी ठीक असतं, कधी नसतं."

"म्हणजे मी निजते आणि ते जागं असतं." सोनूबाईला याचं नवल वाटलं.

डॉक्टरणीने लिहिता लिहिता विचारलं, "मिश्री?"

"लावते."

"दारू?"

"नाय."

"विचारते, कारण काही जणांना थोड्याशानेही हे सुरू होतं. आणि बघा, गोळी सुरू केली तरी थकवा लगेच जाणार नाही. त्याच्याशी जमवून घ्यावं लागेल. दमल्यावर बसू नका. दमण्याआधी बसा."

यावर सोनूबाई हसली. ती त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. "दमायच्या आधी बसायचं? मग माणूस कामावर जातो कशाला?"

बाहेर आल्यावर मात्र ती फाटकापाशी थांबली. शांतीला वाटलं, चक्कर आली.

"म्हणजे मी सोंग करत नव्हते," सोनूबाई म्हणाली. शांतीला नाही, समोरच्या रस्त्याला. एवढे महिने ती स्वतःवरच संशय घेत होती, हे शांतीला तेव्हा कळलं.

रविवारी दुपारी सगळे माहीमच्या घरी जमले. गुणवंती, धर्माची बायको, भर बाजार उरकून येऊन नुकती जेवली होती. तिच्या हातांना अजून बर्फाचा लालपणा होता. वरळीहून आलेला दत्तूमामा, सोनूबाईचा धाकटा भाऊ, खाटेवर मांडी घालून बसला होता आणि आपल्याला निकाल द्यायचा आहे हे त्याच्या बसण्यातच दिसत होतं. सोनूबाई भिंतीला टेकून. धर्मा दाराच्या चौकटीत, अर्धा आत अर्धा बाहेर. संपाला अडीच वर्षं होत आली तरी तो घरात असाच बसायचा, जणू भोंगा वाजला तर निघायचं आहे. वडिलांची होडी सोडून तो मिलमध्ये गेला तेव्हा होडीवरची त्याची जागा चुलतभावांनी घेतली. आता मिल नाही आणि होडीही नाही.

"बोला," मामा म्हणाला. "आधी गुणवंती."

"माझं काय बोलायचं. आय जाते त्या दिवशी मी जाते, आय नाय जात त्या दिवशी पण मी जाते. परवाना मात्र आयच्या नावावर. उद्या पालिकेचा माणूस आला आणि म्हणाला, ही कोण, तर मी काय सांगू? मी कोण?"

"तू सून," सोनूबाई म्हणाली.

"ते घरात."

"बघ मामा, म्हणून म्हणतो," धर्मा बोलला. "आयचं आज असं, उद्या तसं. लोक काय वाटेल ते बोलतात. एकदा गुणीच्या नावावर करून टाक, आय मोकळी."

"मना मोकळं व्हायचं नाय," सोनूबाई म्हणाली.

"शांतीबाय, तुम्ही पण बोला," गुणवंती म्हणाली. "गिरगावात राहून बोलायचं विसरलात काय?"

शांतीने कालचं सगळं सांगितलं. कमलाबाई, टॅक्सी, कागद. सोनूबाईने कागद कमरेतून काढून मामाच्या हातात दिला, सोयरिकीचा फोटो द्यावा तसा. मामाने तो उलटा धरला, सुलटा केला आणि पुन्हा उलटा धरला.

"म्हणजे काळीज थरथरतं," तो म्हणाला. "मग त्यात एवढं काय. झोपताना दोन घोट ब्रँडी द्या. आपल्या आयला द्यायचे बाळंतपणात. थरथर थांबते."

"तेच नको, मामा. डॉक्टरांनी दारूचं मुद्दाम विचारलं. थोड्याशाने पण हे सुरू होतं म्हणाल्या. आय घेत नाही म्हणून बरं."

गुणवंती दातात काडी घालत होती, ती तशीच राहिली. धर्माने बाहेर पाहिलं. शांतीने एकेकाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की काल कागदावर न सापडलेलं काहीतरी या खोलीत आहे आणि ते तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"मी द्यायची," गुणवंती म्हणाली.

"काय?"

"ब्रँडी. चमचाभर गरम पाण्यात. दमून यायची म्हणून. मना काय माहीत काय व्हतं ते."

शांती वहिनीकडे पाहत राहिली. वहिनी आईवर जळते असं तिने कित्येक वर्षं धरून ठेवलं होतं. पण बोलताना हिची नजर धर्माकडे जात होती; ही बाई खोटं बोलत होती, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध.

"तिला कशाला बोलतेस," सोनूबाई म्हणाली. "मी मागायची."

"मी आणायचो," धर्मा म्हणाला.

तो अजून बाहेरच बघत होता. "चमचाभर नाय. अर्धा ग्लास. धक्क्यावर माझा एक दोस्त हाय, तो देतो. शुक्रवारी ती धंद्यावरून यायची तेव्हा बघवत नसायचं. मी दिवसभर घरात. तिला चहा देऊ? चहा गुणी देते. मग मी हे आणायचो. आत गरम वाटतं म्हणायची."

शांतीच्या डोक्यात एकेक दिवस जागेवर बसू लागला. शुक्रवारी भरपूर धंदा, शुक्रवारी रात्री ग्लास, शनिवारी सुरा उचलवत नाही. आणि दमली की पुन्हा ग्लास. दमलीच म्हणून द्यायचं, आणि दिलं म्हणूनच दमायची. किती महिने हे असं गोल फिरत होतं. तिला धर्माचा राग यायला हवा होता. पण तिला दुसराच प्रश्न पडला.

"आय, तुला कळलं नाही? शनिवारचं?"

"कळलं व्हतं."

"कधी?"

"दिवाळीच्या सुमाराला."

"मग घेत का राहिलीस?"

सोनूबाईने लुगड्याचा पदर गुडघ्यावर नीट केला. तिला हे धर्मासमोर बोलायचं नव्हतं, आणि धर्मा जात नव्हता.

"तेवढा वेळ हा बोलतो गं," ती म्हणाली. "मिल बंद झाल्यापासून घरात तोंड उघडत नाय. विचारलं तर हूं, नाय विचारलं तर हूं. पण ग्लास मना दिला की समोर बसायचा. मी पिऊन होईपर्यंत बोलायचा. मागाचं, साच्याचं, कोण कसा मुकादम व्हता त्याचं. मी हळूहळू प्यायची."

धर्मा उठला आणि बाहेर गेला. शांतीही उठू लागली, पण गुणवंतीने तिला हाताने खाली बसवलं. "राहू दे. पायरीवर बसलाय. तिथून लांब नाय जायचा."

खाटेवर मामा अस्वस्थ झाला होता. निकाल द्यायला आलेल्या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं. "मग जागेचं?" त्याने विचारलं.

"जागा आयच्या नावावर राहू दे," गुणवंती म्हणाली. "मी आपली पाटी नेते. पालिकेवाल्याला बघून घेईन."

"मग मना वरळीवरून बोलावलं कशाला? आता तूच नको म्हणतेस तर."

"मी नको म्हणते. तुम्ही जेवलात ना, मामा? मग."

"नाय," सोनूबाई म्हणाली. "परवाना गुणीच्या नावावर करायचा."

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीपासून जरा पुढे सरकून बसली. "काल त्या पोरीनं सांगितलं, दमायच्या आधी बस. मी रात्रभर इचार केला, ते कसं करतात. जागा माझी असंल तर मी दमेपर्यंत उभी राहणार. माझ्याच्यानं दुसरं नाय व्हायचं. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी टेकलेली, हे मना जमणार नाय. जागा हिची झाली तर मी बाजूला बसेन. मना वाटलं तर कापून देईन, नाय वाटलं तर नाय. हिच्याकडं कामाला हाय असं धरा."

"आणि घासाघीस?" गुणवंतीने विचारलं.

"ती तू कर. ओरडायला मना दम नाय. पण तू सरंगा स्वस्त देतेस, ते मी ऐकणार नाय."

"बघा, कामाला लागायच्या आधीच मालकिणीला बोलते," गुणवंती म्हणाली आणि काडी टाकून उठली. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती पाणी प्यायला माठाकडे गेली.

शांतीने विचारलं, "पण धक्क्यावरून पाटी कोण आणणार? वहिनीने पहाटे लिलावाला उभं राहायचं, पाटी आणायची आणि दिवसभर विकायचं? मग ती दमेल."

आजवर दोघी मिळून पाटी आणायच्या. एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर. सोनूबाई ते आता करणार नव्हती.

"मी आणतो," पायरीवरून आवाज आला.

मामा खाटेवरून खाली उतरला. "तू? कोळ्याचा पोर पाटी घेऊन बाजारात? बायांच्यात?"

"मिलमध्ये पाठीवर सुताचे गठ्ठे उचलत व्हता तेव्हा वरळीवरून कुणी विचारायला आलं नव्हतं," गुणवंती माठापाशी पाठमोरीच म्हणाली.

धर्मा दारात येऊन उभा राहिला. "गेटपर्यंत," तो म्हणाला. "बाजाराच्या आत नाय येणार मी. कमलाबाई काय बोलेल ते मला माहीत हाय. गेटला ठेवीन, पुढं गुणी नेईल."

"गेटपर्यंत पुष्कळ झालं," सोनूबाई म्हणाली.

मामाने चहा घेतला, कागद पुन्हा एकदा उलटा धरून बघितला आणि तो बस पकडायला निघून गेला. ऊन उतरत होतं. सोनूबाईने बाहेरच्या खोलीतच गोधडी अंथरली आणि आडवी झाली. गुणवंती सवयीने दार लोटायला गेली. कोळीवाड्यात दिवसा आडवं पडायचं ते दार लावून, नाहीतर येणारा-जाणारा विचारतो.

"राहू दे उघडं," सोनूबाई म्हणाली. "आता रोज निजायचंय, किती वेळा लावशील?"

आणि जाणारीने विचारलंच. बाजूच्या घरातली लक्ष्मी जाळं खांद्यावर टाकून चालली होती, ती वाकून म्हणाली, "काय गो सोनू, बरं नाय?"

"बरी हाय. निजलेय नुसती."

लक्ष्मीला ते समजलं नाही. ती क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली.

शांती पिशवी आवरत होती. तिला गिरगावला परतायचं होतं. धर्मा आत आला आणि आईच्या पायांपाशी बसला. हात रिकामे होते. ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते मांड्यांखाली दाबून ठेवले. सोनूबाईने डोळे मिटले होते, पण ती जागी होती हे तिघांनाही दिसत होतं.

शांतीला वाटलं, आता तो उठेल. तिने पिशवी तशीच धरून ठेवली.

"आय," धर्मा म्हणाला. "शनिवारी तुला नक्की काय व्हायचं?"

सोनूबाईने डोळे उघडले. त्याच्याकडे बघून ती कुशीवर वळली आणि त्याला टेकायला गोधडीवर जागा केली.

"नीट बस," ती म्हणाली. "सांगते."